रद्दीवाला येण्याआधी गाठोडं सोडा

भिवंडी तालुक्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जेवढ्या वंशावळी कागदावर उतरल्या, तेवढ्या त्याआधीच्या दोन पिढ्यांत उतरल्या नसतील. कारण उघड आहे. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आला, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग आला, अंजूर-भरोडीच्या शिवारात बुलेट ट्रेनचा डेपो आला, माजिवड्यापासून वडप्यापर्यंतचा हमरस्ता रुंद व्हायला घेतला. जमीन गेली की मोबदला येतो, मोबदला आला की वारस येतात आणि वारस आले की कचेरीत वंशावळ मागतात. मग टायपिंगच्या दुकानात बसून आजोबा, चुलत आजोबा, त्यांच्या मुली, त्या मुलींची मुलं अशी एकेक फांदी भरली जाते. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन शहापूरकडे गेलेल्या आत्याचं खरं नाव काय, हे अर्ध्या घराला हक्कसोडपत्रावर तिची सही लागते तेव्हा कळतं.

या वंशावळीच्या शेंड्यावर ‘मूळ पुरुष’ असं लिहून एक नाव टाकलेलं असतं. तो बहुधा जुन्या फेरफारात पहिल्यांदा दिसणारा खातेदार. पितृपक्षात आपण बाप, आजा, पणजा एवढ्यांचीच नावं घेतो, मूळ पुरुष त्याच्या एखाद-दुसरी पायरी वर. त्याच्या आज्यानं काय केलं, तो कुणाच्या पागेत किंवा कुणाच्या गलबतावर होता, हे विचारायला मोबदल्याच्या घाईत कुणाला सवड नसते.

माझं म्हणणं एवढंच, की आता विचारा. पैशासाठी का होईना, कपाटं उघडली आहेत, भाऊबंद एकत्र बसताहेत, म्हातारी माणसं बोलती झाली आहेत. आणि दुसरीकडे जुनी घरं पडताहेत. वडपे, पिंपळास, पडघा, हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना कौलारू घराच्या जागी गोदामाची पत्र्याची शेड उभी राहायला एक पावसाळासुद्धा लागत नाही. घर उतरवताना माळ्यावरचं गाठोडं खाली येतं. पितळी भांडी भाऊ वाटून घेतात, सागाचे वासे विकले जातात, आणि गाठोड्यातल्या न वाचता येणाऱ्या कागदांचं काय करायचं हा प्रश्न रद्दीवाला सोडवतो.

आपला तालुका लढाईचा आहे, हे आपल्याच माणसांना सांगावं लागतं. वज्रेश्वरीला आपण गरम पाण्याच्या कुंडात अंघोळीला जातो. ते देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाचं आहे. त्याचा तट आणि नगारखाना नीट पाहा, देवीला बांधलेला लहानसा किल्लाच वाटतो. तिथून जवळच दुगाड. १७८०च्या डिसेंबरात इंग्रज सरदार हार्टलीच्या फौजेशी लढताना मराठ्यांचे सेनानी रामचंद्र गणेश तिथं पडले. आणि तिसरं अंजूर. अंजूरफाटा हे नाव देशभरच्या ट्रकवाल्यांना तोंडपाठ आहे. अंजूरचे गंगाजी नाईक कोण, हे त्या फाट्यावर चहा पिणाऱ्या आपल्यातल्या दहांना विचारलं तर किती जण सांगतील?

गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून सोडवावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. साष्टीच्या बखरीत ती हकिकत आली आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहानं वसई पोर्तुगिजांना तोडून दिली, त्याला तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती. देवळं गेली, सण चोरून करायचे, जमिनी फिरंग्यांच्या हाती, असा तो काळ. नाईक मंडळींनी चिंचवडच्या देवांकडे धाव घेतली, पुण्याला खेपा घातल्या, खाड्यांचे उतार आणि गढ्यांच्या कच्च्या बाजू जाणणारी माणसं जमवली. पुण्याच्या फौजा घाट उतरल्या त्या या लोकांच्या बोलावण्यावर आणि यांच्याच वाटाड्यांमागे. म्हणून मी वसईच्या मोहिमेला पेशव्यांची मोहीम म्हणण्याआधी इथल्या रयतेचा उठाव म्हणतो. शाळेच्या पुस्तकात मात्र चिमाजी अप्पा येतात, किल्ला पडतो आणि धडा संपतो.

मार्च १७३७मध्ये ठाण्याचा अर्धवट बांधलेला कोट मराठ्यांनी घेतला. पुढं दोन वर्षं खाडीच्या दोन्ही काठांवर झुंज चालली. १७३८च्या अखेरीस ठाणं परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलू तोफेला बळी पडला. १७३९च्या सुरुवातीला केळवे-माहीम आणि तारापूर पडलं, तारापुरावर बाजी भिवराव कामी आले. मग वसईला वेढा, तटाखाली सुरुंग, आणि १६ मे १७३९ला पोर्तुगिजांनी किल्ला खाली करायचं कबूल केलं. ग्रँट डफ लिहितो की मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून ५,०००च्या वर होते. पोर्तुगीज बाजूनं हा आकडा त्याहून बराच मोठा सांगितला जातो.

आता आपण किती नावं सांगू शकतो? चिमाजी अप्पा, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, शंकराजी केशव, रामाजी महादेव, खंडोजी माणकर, बाजी भिवराव, अंजूरकर बंधू. अभ्यासू माणूस पंचवीस सांगेल, फार तर पन्नास. उरलेले कुठून आले होते? सुरुंग खणणारे बेलदार, खाडीत होड्या घालणारे कोळी, रात्री वाट दाखवणारे, दाणावैरण वाहणारे हे काही सगळे घाटावरून आले नव्हते. त्यांतले पुष्कळ भिवंडी, कल्याण, पनवेल, वसई या पट्ट्यातलेच असणार, आणि त्यांची घरं आजही याच पट्ट्यात आहेत.

लढाईच्या वर्णनात शिपायाचं नाव येत नाही. ते हिशेबात येतं. लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांच्या पोटाची तजवीज म्हणून मराठी राज्यात ‘बालपरवेशी’ दिली जायची, कुणाला रोख, कुणाला जमिनीचा तुकडा. जखमीला देणगी, कामगिरीबद्दल इनाम, वतनाची नवी सनद. हे सगळं द्यायचं तर नाव, गाव, बापाचं नाव आणि काय कामगिरी केली हे लिहावं लागतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत आणि रुमालांची संख्या ३९,०००च्या घरात सांगतात. गो. स. सरदेसाईंनी त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग छापले, त्यांतला सोळावा भाग सबंध वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. सरकारी दफ्तरात राहिली ती एक प्रत. ज्याला इनाम मिळालं त्याच्या घरी दुसरी गेली. पुढं इंग्रजांनी इनाम कमिशन बसवलं, १८५२चा कायदा केला आणि इनामदारांना सांगितलं, हक्क सिद्ध करा. तेव्हा लोकांनी सनदा बाहेर काढल्या, नकला केल्या, कैफियती लिहिल्या, वंशावळी जोडल्या. मोबदल्याच्या वंशावळीला एवढी जुनी परंपरा आहे, हे आपल्या टायपिंगवाल्याला ठाऊक नसेल.

जगभर असंच झालेलं दिसतं. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांना १८३२च्या कायद्यानं पेन्शन देऊ केलं, पण अट घातली की कोर्टात शपथेवर आपली हकिकत सांगायची. ऐंशी वर्षांचे म्हातारे काठी टेकत गेले आणि सांगू लागले, कुठल्या कप्तानाच्या हाताखाली होतो, कुठली नदी ओलांडली, थंडीत बूट नव्हते. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं फाडून अर्जाला जोडली. अशा पेन्शनच्या आणि जमिनीच्या अर्जांच्या सुमारे ८०,००० फायली आज त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि तिथला साधा शेतकरीही आपला सातवा-आठवा पूर्वज त्यांत शोधून काढतो. १८००च्या आधीचे अर्ज मात्र नाहीत. नोव्हेंबर १८००मध्ये त्यांच्या युद्ध खात्याच्या इमारतीला आग लागली आणि ते जळून गेले. त्यांचे कागद आगीत गेले. आपले पंधरा-वीस रुपये किलोनं चालले आहेत.

गाठोडं सापडलं तर पाहायचं काय, हे सांगतो. मोडी वाचता येत नसली तरी घाबरू नका. कागद लांबट, जाडसर, हातानं केलेला असेल. वर मधोमध ‘श्री’. आधी सबंध ओळभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवलेली दिसतील, शब्दांत जागा सोडलेली नसेल. शेवटी शिक्का. कागदाला कागद डकवून लांबवलेला असेल तर मागच्या बाजूला सांध्यावरही शिक्का असू शकतो, म्हणून पाठ पाहायला विसरू नका. ज्याला थोडी मोडी येते अशा माणसाला एवढंच सांगा, की आधी साल शोध. त्या काळी सुहूर सन अरबी आकड्यांत लिहायची रीत होती. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण वर्ष मृगाला बदलतं. ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३७, त्याच्या शेवटी ठाणं पडलं. ‘समान सलासीन’ ११३८. ‘तिसा सलासीन’ ११३९, ते मृगाला संपायच्या आत वसई आली. सबंध युद्ध या तीन सालांत बसतं. बक्षिसं आणि बालपरवेशा पुढच्या वर्षांत दिल्या गेल्या असणार, तेव्हा ‘अर्बैन’ असा शब्द लागला, म्हणजे चाळिशीतलं साल, तरी तो कागद बाजूला काढा.

बहुतेक गाठोड्यांत असलं काही निघणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कर्जरोखे निघतील, बांधाची भांडणं निघतील, गुरं गहाण टाकल्याचे कागद निघतील, शिमग्याच्या मानावरून झालेला करारनामा निघेल. तेही ठेवा. कर्जरोख्यावर साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस त्या वर्षी गावात जिवंत होता, एवढं तरी कळतं. पूर्वजाचा माग काढणं म्हणजे बहुतेक वेळा असलाच धागा धरून एका कागदावरून दुसऱ्यावर जाणं असतं.

आणि दुसरी सावधगिरी. ‘आमचा खापरपणजा वसईच्या तटावर पहिला चढला’ असं सांगणारी घरं मला भेटतात. त्या सगळ्यांचं खरं मानलं तर तटाला जागा पुरली नसती. कागद असा मोठेपणा क्वचितच देतो. तो सांगेल की तुमचा पूर्वज सहा महिने चाकरीला होता आणि त्याचा पगार थकला. तो पागेत खरारा करायचा किंवा खाडीवर होडी चालवायचा. किंवा तो पोर्तुगिजांच्या बाजूला होता. वसई-साष्टीतल्या ख्रिस्ती घरांचे पूर्वजही याच लढाईत होते, तटाच्या आत, आणि त्यांनाही आपली माणसं कुठं पडली हे शोधायचा तितकाच हक्क आहे. त्यांच्यासाठी गोव्याचं पुराभिलेखागार आहे. १५९५ साली ते सुरू झालं आणि दियोगु द कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. फिरंग्यांनी पराभवाचे कागदसुद्धा जपून ठेवले. आपल्या हाती विजयाचे आहेत आणि तेही सांभाळवत नाहीत.

पावणेतीनशेहून अधिक वर्षं फार लांब वाटत असतील तर जवळचं घ्या. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले होते. दरवर्षी दोन तारखेला आपण सिद्धगडावर जातो, मशाली पेटवतो. पण दस्त्याला भाकरी पोचवणारी, रात्रीपुरता आसरा देणारी, पोलिसांचा मार खाल्लेली माणसं ज्या घरांतली होती, तिथल्या कुणी ती हकिकत लिहून ठेवली आहे? ती सांगू शकणारी त्यांची मुलं आता ऐंशी-नव्वदीची आहेत. १९७२ साली ताम्रपट मिळालेल्यांच्या घरी तो भिंतीवर असतो, पण पेन्शनच्या अर्जाची प्रत, तुरुंगाचा दाखला, सहकैद्यांची प्रमाणपत्रं पिशवीत घालून माळ्यावर टाकलेली असतात. ताम्रपटावर नाव आहे, हकिकत त्या पिशवीत आहे.

घरात काहीच उरलं नसेल तरी वाट बंद होत नाही. वडप्यावरून रोज हजारो गाड्या नाशिककडे जातात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या आहेत. कोण केव्हा आला, कुणाबरोबर आला, बापाचं-आज्याचं नाव काय, भाऊ किती, सगळं त्यांत लिहिलेलं असतं. आपण तिथं नारायण नागबळी करायला जातो, दक्षिणा देतो आणि परत येतो. पुढच्या वेळी गाव सांगा, आडनाव सांगा आणि म्हणावं, ‘गुरुजी, आमची जुनी नोंद तेवढी काढून दाखवा.’ ती वाचून घ्या, परवानगीनं फोटो काढा, आणि जाता जाता आजची नोंद करा, मुलींची नावं घालून.

सरकारकडून काही होणार नाही असं म्हणणाऱ्यांना एक आठवण देतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा राज्यभरच्या कचेऱ्यांतून मोडी दप्तरं निघाली, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्या प्रश्नाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, पण मनावर घेतलं तर यंत्रणेला जुना कागद सापडतो, वाचता येतो आणि स्कॅनही करता येतो, एवढं त्यातून दिसलं. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. भिवंडीच्या कॉलेजात इतिहास घेतलेल्या मुलांनी ते करावेत. गोदामात बारकोड वाचणारी मुलं रोज किती खोकी तपासतात ते मी पाहतो. ती नजर मोडीवर बसायला फार वेळ लागणार नाही.

माझी घरमालकांना विनंती आहे की घर उतरवायचं ठरलं की पहिल्यांदा माळा, पेटारा, देवघराच्या मागची फळी आणि दाराच्या वरचा कोनाडा रिकामा करा, जेसीबी बोलावण्याच्या आधी. कागद उन्हात वाळत घालू नका, इस्त्री करू नका, फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि कौतुकानं लॅमिनेशन तर मुळीच करून आणू नका. त्या प्लास्टिकच्या उष्णतेनं जुना कागद कायमचा जातो. वाळवी, कसर दिसली तर हलक्या हातानं मऊ ब्रशनं झाडा. स्वच्छ धुतलेल्या मांजरपाटात बांधा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते कुणाच्या घरचे, कुठं सापडले, हे त्याच दिवशी लिहा. कागद कुणाला देऊन टाकायची गरज नाही. मालकी तुमचीच, मागतो आहोत ते फोटो. पैसे घेऊन ‘सनद करून देतो’ म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

रद्दीवाल्यांना विनंती आहे की मोडीचा कागद दिसला तर तो पुठ्ठ्यात टाकू नका. शाळेच्या मास्तरांना दाखवा, त्याचा भाव आम्ही देऊ. गोदामांच्या बिल्डरांना विनंती आहे की पाया खणताना शेंदूर लावलेला, माणसं कोरलेला दगड लागला तर तो ट्रॉलीत घालून खाडीत ढकलू नका. बोरिवलीच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे, ती पाहायला लांबून लोक येतात. तोही कुणाचा तरी मूळ पुरुष असतो.

आणि वडप्याच्या, अंजूरच्या, दुगाडच्या, पडघ्याच्या ग्रामपंचायतींकडे एक मागणी आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव करा. गावात एक ‘जुने कागद नोंदवही’ ठेवायची. कुणाच्या घरी काय आहे एवढंच त्यात लिहायचं. घर पाडायला परवानगी मागणाऱ्याला अर्जावरच विचारायचं, माळ्यावरचे कागद पाहिले का? गावातल्या दोन मुलांना मोडीच्या वर्गाला पाठवायचं, एसटीचं भाडं पंचायतीनं द्यायचं. खर्च म्हणाल तर एक वही, दोन तिकिटं आणि एक पेनड्राइव्ह. विषय मात्र लेखी अर्ज देऊन आधीच कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यावर तो सोडू नका. त्या विषयापर्यंत सभा पोचते तेव्हा निम्मे लोक उठून चहाकडे गेलेले असतात.